आता तुम्ही काय करता?

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात गेम मास्टरच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. समोर चार-पाच जण असतात, प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेलं असतं आणि उरलेलं सगळं जग, म्हणजे पाऊस, बाजार, पहारेकरी, राक्षस, गेम मास्टरच्या हाती असतं. ते जग तो बोलून उभं करतो, हा प्रश्न विचारतो आणि थांबतो. बरीच वर्षं हे खेळ चालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: आपली सगळी मेहनत या एका प्रश्नासाठी असते. खेळाडूने दिलेल्या उत्तराने जगात खरोखर काहीतरी बदललं पाहिजे. आवाज बदलून बोलणं, देखणे नकाशे, पाठ असलेले नियम या गोष्टी त्यानंतर येतात.

या कामाचं मूळ लष्करात आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम छापले. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असे. खेळाडू त्याला हुकूम देत आणि रणांगणावर त्यांच्या तुकड्यांना दिसेल तेवढंच पंच त्यांना सांगे. पुढे नियमांची जंत्री इतकी वाढली की खेळ रखडू लागला. तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्ह वेस्ली या तरुणाने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ मांडला. बऱ्याच जणांना सैन्याऐवजी एकेक माणूस दिला आणि त्या माणसाचा स्वतःचा हेतू दिला. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन परस्पर कट रचू लागले. खेळ हाताबाहेर गेला, फसला, असं वेस्लीला वाटलं, पण खेळाडूंनी पुन्हा खेळायची मागणी लावून धरली. त्या मंडळींतलाच डेव्ह आर्नसन पुढे गॅरी गायगॅक्सला भेटला आणि १९७४ मध्ये दोघांच्या नावावर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापला गेला. वेस्लीला जो गोंधळ वाटला, त्यातच लोकांना गोडी लागली होती. आपल्या मनाने काही करता येतं आणि समोरचा पंच ते मानतो, हे त्यांना पहिल्यांदा मिळालं होतं.

म्हणून मी तयारी करताना गोष्ट लिहीत नाही. गोष्ट लिहिली की शेवट ठरतो, आणि शेवट ठरला की खेळाडूंना तिकडे ढकलण्याचा मोह होतो. मी एक जागा घेतो, तिथली तीन माणसं घेतो आणि प्रत्येकाला काय हवं आहे ते लिहितो. आमच्या टेबलावर खेळ मराठीतून चालतो आणि जग सह्याद्रीसारखं असतं, तेव्हा उदाहरणही तिथलंच देतो. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळात त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. तसाच एक घाट मी मांडला. नाकेदाराच्या रांजणात नाणी कमी भरत आहेत आणि संध्याकाळी हिशेब तपासायला वरचा अधिकारी यायचा आहे. एका व्यापारी बाईचा बैलांचा तांडा नाक्यावर अडकला आहे, तिला पावसाआधी कोकणात उतरायचं आहे. रात्रपाळीचा तरुण पहारेकरी गप्प आहे, कारण नाणी चोरणारा त्याचाच भाऊ आहे. खेळाडूंना एक मोहोरबंद पेटी न उघडता खाली न्यायची आहे.

ती कशी न्यायची, हे मी ठरवलेलं नाही. ते रांजणातली तूट भरून देतील, चोर पकडतील, पहारेकऱ्याला कोंडीत धरतील, तांड्यात मिसळतील किंवा रात्री कड्यावरून दोर सोडतील. माणसांना काय हवं हे मला माहीत असलं की यांपैकी काहीही झालं तरी ती कशी वागतील, हे तिथल्या तिथे सुचतं. आणखी एक ओळ मी आवर्जून लिहितो: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय होईल? इथे संध्याकाळी अधिकारी येईल आणि नाका बंद होईल. त्यामुळे जग थांबून राहत नाही आणि वाट बघणं हासुद्धा एक निर्णय ठरतो.

निर्णयाला किंमत यायची तर तो डोळसपणे घेता आला पाहिजे. नवे गेम मास्टर माहिती फार जपून ठेवतात, रहस्य फुटेल या धास्तीने. प्रत्यक्षात टेबलावरच्या माणसांना आपल्या डोक्यातल्या जगाचा अगदी थोडा भाग दिसत असतो. जस्टिन अलेक्झांडर या लेखकाने २००८ मध्ये मांडलेला नियम मी कधी मोडत नाही: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्याच्यासाठी किमान तीन क्लू ठेवा. एक त्यांच्या नजरेतून निसटतो, दुसऱ्याचा अर्थ ते भलताच लावतात, तिसरा कामी येतो. आमच्या घाटात भावाने नुकतीच घेतलेली बैलजोडी आहे, रात्रपाळीबद्दल बोलताना पहारेकरी अडखळतो आणि रांजणामागच्या कपारीत चार नाणी राहून गेली आहेत. धोक्याचंही तसंच. कड्याचा दगड पावसाने सुटलेला आहे, हे दोर बांधण्याआधी सांगायचं. पात्र पडल्यावर ते सांगितलं तर तो खेळाडूवर अन्याय आहे.

फासा त्यानंतर येतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राचं कौशल्य मिळवतात. मध्यम अवघड कामासाठी १५ गाठावे लागतात, कठीण कामासाठी २०. कौशल्य ५ असेल तर मध्यम कामाला फाशावर १० किंवा अधिक हवेत, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. आता गेम मास्टर म्हणाला की दोर बांधायला एक, उतरायला एक आणि आवाज न करता टेकायला एक असे तीन फासे टाक, तर तिन्ही जमण्याची शक्यता १७ टक्क्यांच्याही खाली जाते. काम मध्यमच होतं, आपण ते नकळत कठीण कामाहूनही अवघड केलं. म्हणून एका निर्णयाला एक फासा. तोही यश आणि अपयश दोन्हींतून पुढे काही घडणार असेल तरच. अपयश म्हणजे “जमलं नाही, पुन्हा बघ” नव्हे. उतरलात, पण दोर वर लटकत राहिला आणि पहाट व्हायला आली आहे, असं काहीतरी. फासा पडण्याआधी दोन्ही परिणाम मी मोठ्याने सांगतो आणि फासा सगळ्यांच्या समोर टाकला जातो. आलेला आकडा आपल्याला सोसणार नसेल, तर फासा मागूच नये. पडद्याआड आकडा बदलला की खेळाडूच्या निर्णयाचा मान गेला, मग तो आकडा त्याच्या भल्यासाठी बदललेला का असेना.

सगळ्यात नाजूक भाग माणसांचा. आपल्याकडे एका टेबलावर मामा आणि भाची एकत्र खेळायला बसतात, ऑफिसातला वरिष्ठ आणि नवा मुलगाही बसतो. धाकटी माणसं सवयीने थांबतात, मोठे काय म्हणतात ते बघतात. “कोणाला काही करायचंय का?” असं विचारलं तर तीच एक-दोन माणसं बोलणार. म्हणून मी धाकट्याला आधी विचारतो, नाव घेऊन विचारतो आणि नेमकं विचारतो: “रेवा, पहारेकरी तुझ्याचकडे बघतोय. त्याला काय म्हणतेस?” आणि उत्तर येईपर्यंत मध्ये कोणाला बोलू देत नाही. शिवाय जॉन स्टाव्रोपोलस यांनी रूढ केलेलं एक्स-कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवतो. खेळातली एखादी गोष्ट कोणाला सोसत नसेल तर कार्डाला हात लावायचा. ती गोष्ट वगळून पुढे जायचं, कारण कोणी विचारायचं नाही. ओळखीच्या माणसांतही ते हवं. खरं तर तिथे अधिकच, कारण ओळखीत “नको” म्हणणं जड जातं.

हे काम सुरू करू पाहणाऱ्याला मी एवढंच सांगेन की सगळं जग रचत बसू नका. एक जागा, तीन माणसं, त्यांच्या तीन गरजा एवढ्यावर एक संध्याकाळ उत्तम निघते. आणि उठायच्या आधी खेळाडूंना विचारा, पुढच्या वेळी त्यांना कुठे जायचंय, काय करायचंय. ते जे सांगतील तेवढ्याचीच पुढची तयारी करा. आपले निर्णय जगाला वळण देतात हे खेळाडूंना कळायला अशी दोन-तीन सेशन पुरतात. त्यानंतर “आता तुम्ही काय करता?” असं विचारलं की ते तुमच्या चेहऱ्यावर अपेक्षित उत्तर शोधत नाहीत, एकमेकांकडे वळून बेत आखू लागतात. गेम मास्टरला याहून मोठं यश मला माहीत नाही.