वह्यांचं देणं

अकरावी सायन्सला औरंगाबादच्या एका नावाजलेल्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला तो खो-खोवर. दहावीचे माझे गुण तिथल्या गुणवत्ता यादीला पुरणारे नव्हते. खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागेवर माझं नाव लागलं आणि हसनाबादच्या शाळेत माझ्या शेजारी बसणारी, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण मिळवणारी मैत्रीण त्याच यादीत थोडक्यात हुकली. ती भोकरदनच्या कॉलेजात गेली. पुढचं माझं सगळं शिक्षण, नोकरी, आज मी जिथे शिकवते ते कॉलेज, हे सारं त्या एका प्रवेशावर उभं आहे. त्यामुळे खेळाडूंना अशी सवलत द्यावी की नाही हा वाद निघाला की मला तटस्थ राहता येत नाही. मी त्या सवलतीची ऋणी आहे आणि त्या मैत्रिणीचीही.

आधी आमच्या खेळाच्या सरांविषयी सांगते, कारण सुरुवात त्यांची. आमचं मैदान म्हणजे शाळेमागची काळी जमीन. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. खेळाचे सर सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन ढेकळं फोडत, मुरूम पसरवून पाणी मारत, खांब पुरत, फक्कीने पाटी आखत. मैदानापेक्षा अवघड काम घरोघरचं होतं. भोकरदन तालुका मिरचीचा. तोडणी सुरू झाली की मुलींची संध्याकाळ शेतात जायची आणि एरवी चुलीपाशी. सर आमच्या ओसरीवर येऊन वडिलांना म्हणाले, "दादा, पोरीचे दोन तास द्या मला. अंधार पडायच्या आत घरी आणून सोडतो."

"सर, पण खेळून काय होणार हाये?"

"ते मलाबी आज सांगता येत नाही. पण अशी पळणारी पोरगी मी पाह्यली नाही."

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "उद्यापासून तिच्या वाटची तोडणी मी करीन." त्यांनी ती केली, मी गाव सोडेपर्यंत. म्हणून खेळाडूला मिळणारी जागा 'फुकट' असते असं कुणी म्हणालं की मला दादांची बोटं आठवतात. मिरचीची आग रात्री पाण्यात हात घालूनही उतरत नाही.

आणि खेळ तरी काय कमी शिकवत होता? पळतीच्या डावात साखळी खेळताना पाठीमागच्या आक्रमकाच्या खांद्यावरून कळायला लागतं की खो कुणाला मिळणार. पाऊल पडायच्या आत निर्णय घ्यायचा आणि चुकला तरी पुढच्या क्षणी दुसरा घ्यायचा. खांबावर सूर मारताना गुडघे फुटतात, पण अंतराचा अंदाज कायमचा अंगात बसतो. हे सगळं मला नंतर प्रयोगशाळेत उपयोगी पडलं. गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता.

आता मैत्रीण. विभागीय आणि राज्य स्पर्धांच्या शिबिरांसाठी माझे आठवडेच्या आठवडे बुडायचे. ती वहीत कार्बन घालून लिहायची, एक प्रत तिची, एक माझी. स्पर्धेहून आल्यावर माझ्या दप्तराशेजारी बीजगणित, भूमिती, विज्ञान, सगळं तारखांसकट लावलेलं असायचं. कार्बनची निळी अक्षरं शेवटच्या ओळींत फिकी व्हायची, तिथे ती पेनाने पुन्हा गिरवून ठेवायची. माझा प्रवेश झाला तेव्हा पेढे घेऊन मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने मला जवळ घेतलं. मैत्रीण मात्र चुलीशी चहा करत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "जा, पण तिथं शिबिरं असली तर तुला वह्या कोण देईल?"

प्रश्न बरोबर होता. कॉलेजने दाराशी माझं प्रमाणपत्र पाहिलं, चषक मोजले. नंतर स्पर्धेमुळे बुडलेली प्रात्यक्षिकं कधी भरून काढायची हे कुणी विचारलं नाही. मराठी माध्यमातून आलेली मी, इंग्रजी पुस्तकापुढे बसून रडायची. दिवाळीच्या सुट्टीत तीच भोकरदनहून यायची आणि आम्ही तिच्या ओसरीवर भौतिकशास्त्राची गणितं सोडवायचो. मी बारावी झाले ती तिच्यामुळे.

म्हणून मला वाटतं, खेळाडूला दार उघडणं हे निम्मंच काम आहे; उरलेलं निम्मं त्याच्या पाठीशी उभं राहण्याचं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा या माणसाने स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विद्यार्थी आपला मानणं याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

सवलतीला विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नाही. आपल्याच राज्यात ट्रॅम्पोलिनची बनावट प्रमाणपत्रं दाखवून सरकारी नोकऱ्या घेतल्याची प्रकरणं उघडकीला आली. अमेरिकेत 2019 साली कळलं की श्रीमंत पालक लाच देऊन, कधी वल्हं न धरलेल्या मुलांना रोइंगपटू ठरवून नामांकित विद्यापीठांत घुसवत होते. हार्वर्डच्या प्रवेशधोरणावरच्या खटल्यात तर असं पुढे आलं, की प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्क्यांना तिथे प्रवेश मिळत असे. आणि स्क्वॉश, तलवारबाजी, नौकानयन हे काही गरिबाघरचे खेळ नव्हेत. आमच्याकडे उलटं आहे. खो-खोला दोन खांब आणि फक्की पुरते. आशियाई पातळीवर भारताचं नेतृत्व केलेली, 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवलेली सारिका काळे धाराशिवची. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. खेळाडूंची छाननी कडक करा, मैदानावर उतरवून बघा. पण चोरांच्या भीतीने मराठवाड्याच्या मुलींचं दार लावू नका.

सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रकरणात खेळाडूंच्या जागांसाठी घातलेली बारावीच्या 75 टक्के गुणांची अट रद्द केली. या जागा खेळाला उत्तेजन देण्यासाठी आहेत, गुणवंतांची आणखी एक यादी करण्यासाठी नाहीत, असा त्या निकालाचा आशय. मला तो वाचून बरं वाटलं. त्याहून बरं वाटलं ते आयआयटी मद्रासने 2024 पासून जे केलं त्याने. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जागा, त्यातली एक मुलीची, आणि दोन्ही वाढीव. म्हणजे कुणाची जागा काढून घ्यायची नाही. ही सोय तेव्हा असती तर आम्ही दोघी एका बाकावर बसलो असतो आणि तिला निवडीच्या यादीखाली उभं राहावं लागलं नसतं. तिने तिकडे भोकरदनला पदवी घेतली, लग्न झालं, आता शिकवण्या घेते. तिच्या मनात किल्मिष नाही. माझ्या मनातून मात्र ती यादी गेलेली नाही.

यंदा आमच्या कॉलेजच्या प्रवेश समितीवर मी आहे. बैठकीत दोन मागण्या लेखी देणार आहे. विद्यापीठाकडे पाठपुरावा करून खेळाडूंच्या जागा मंजूर संख्येच्या वर, वाढीव मिळवाव्यात. आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्राध्यापक नेमावा, ज्याने स्पर्धेच्या दिवसांतली व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं परत आल्यावर भरून द्यायची. कुणी मानधनाचं विचारलंच, तर पहिल्या वर्षी ते काम विनामोबदला करायला मी माझं नाव लिहून ठेवलं आहे.