काळजाचा तुकडा

मराठीतला एक शब्द मी गेली वीस वर्षे चुकीचा शिकवीत होतो, हे मला पुण्याच्या एका रुग्णालयात कळले. तो शब्द म्हणजे 'काळीज'. कवितेत काळीज आले की मी बिनदिक्कत 'हृदय' असा अर्थ सांगे आणि मुले निमूटपणे लिहून घेत. वास्तविक संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत. आपले काळीज त्याच घराण्यातले. अमरकोशात यकृताला 'कालखंड' असेही नाव आहे. आमच्या सोलापुरातल्या खाटकाला हे न शिकता ठाऊक असते. 'कलेजी' मागितली तर तो हृदय देत नाही!

या व्युत्पत्तीपर्यंत मला नेले ते दादाच्या दुखण्याने. त्याचे पोट पाण्याने फुगले, डोळे हळदीसारखे झाले. सिरॉसिसचे नाव निघताच गल्लीतला प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारी, "घेत होते का हो?" दादाने उभ्या आयुष्यात सुपारीदेखील खाल्ली नव्हती. 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप त्याच्या रक्तात वस्तीला होता. आता तान्ह्या बाळांना टोचतात ती लस त्याच्या बाळपणी निघालेलीच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, यकृतच बदलावे लागेल. १९६३ साली डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी हे प्रथम माणसावर करून पाहिले, तेव्हा तो बालरोगी टेबलावरच दगावला. खरे यश १९६७ साली आले. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने, मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव घेण्याची वाट मोकळी केली. दादाचे नाव पुण्याच्या यादीत लागले. पण त्या यादीत नाव लावून बसणे म्हणजे कोणाच्या तरी घरच्या आकांताची वाट पाहणे. दुसरा मार्ग जिवंत नातलगाचा. १९९८ साली दिल्लीत एका बापाने आपल्या लहानग्याला यकृताचा तुकडा दिला. तो मुलगा पुढे स्वतःच डॉक्टर झाला. यकृताचा गुणच असा, की निरोगी माणसाचा अर्ध्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला काही महिन्यांत वाढून ती उणीव भरून काढतो.

"मी देतो," मी सर्वांदेखत म्हणालो. रक्तगट जुळला. त्या रात्री मात्र मला झोप आली नाही. मुलीची बारावी, घराचे हप्ते सारे डोळ्यांपुढे नाचू लागले. देणाऱ्याच्या जिवालाही थोडा धोका असतो, हे डॉक्टरांनी लपवले नव्हते. पुढे तपासण्या झाल्या आणि ते म्हणाले, "सर, तुमच्या यकृतात चरबी फार आहे. चालणार नाही." खुर्चीत बसून व्युत्पत्त्या शोधल्याचे फळ! मी चेहरा पाडला. पण आतून सुटल्यासारखे वाटले. ते सुटणे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

धाकटी बहीण बार्शीला दिलेली. 'दिलेली' हा शब्दही आपण किती सहज वापरतो! निरोप मिळताच ती पहिल्या एस.टी.ने आली. आई आम्हा दोघा भावांना 'माझ्या काळजाचे तुकडे' म्हणे; हिला कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. तिच्या यकृताचा उजवा भाग काढून दादाला बसवला. शस्त्रक्रिया दिवसभर चालली. अमरकोशातला 'कालखंड' मला त्या दिवशी उमगला; दादाला तिने पुढच्या काळाचाच एक तुकडा काढून दिला होता.

तिला भेटायला सोडले तेव्हा मी म्हणालो, "माझे चालले नाही गं."

ती म्हणाली, "बरंच झालं. दोघे भाऊ एकदम आडवे झाले असते, तर आईकडे कोणी बघितलं असतं?"

माझी ती रात्र तिला ठाऊक होती की काय, कोण जाणे.

यंदाच्या भाऊबीजेला दादा पाटावर बसेल आणि शेजारी मी. ती दोघांना सारखेच ओवाळील. तबकात काय घालावे, या चिंतेत दादा आठ दिवस आहे. मी मात्र ठरवले आहे, तिला त्या रात्रीची गोष्ट सांगायची. रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी चरबी झिजवीत चालताना मी तीच वाक्ये जुळवीत असतो. मराठीच्या प्राध्यापकाला अजून ती जुळलेली नाहीत. न जुळली, तर हा अंकच तिच्या हाती देईन.