पुढचं शिक्षण

१९२८ साली अमेरिकेतल्या एका वृद्ध धर्मोपदेशकाने संतकवी दासोपंतांचं चरित्र इंग्रजीत आणलं. त्यांचं नाव जस्टिन ॲबट. दासोपंत अंबाजोगाईचे, म्हणजे मराठवाड्यातल्या आपल्या घाटनांदूरच्या तालुक्याच्या गावचे. घाटनांदूरची माणसं ज्या अंबाजोगाईला दवाखान्यासाठी, कोर्टकचेरीसाठी, बाजारासाठी जातात, तिथेच दासोपंतांची समाधी आहे. ॲबट १८८१ मध्ये, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईला आले आणि जवळजवळ तीन दशकं राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांच्यावर मिशनच्या कामाची जबाबदारी उरली नव्हती. तेव्हा त्यांनी महाराष्ट्रातल्या संतकवींची चरित्रं भाषांतरित करायला घेतली. भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशी पुस्तकं १९२६ पासून एकामागून एक निघत गेली आणि १९३२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही काम चालूच होतं. मला या उदाहरणातून एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. तरुण वयात परमुलखात सेवेसाठी घालवलेल्या वर्षांना आपण शिक्षणातला खंड म्हणतो, पण पुढे काय शिकायचं याचं उत्तर पुष्कळदा त्याच वर्षांत सापडतं. अट एकच. ज्यांना शिकवायला गेलो, त्यांच्यापुढे आधी शिष्य म्हणून बसता आलं पाहिजे.

तरुण मिशनऱ्याचं परदेशातलं आयुष्य म्हटलं की प्रवचन, पत्रकं, शाळा, दवाखाने डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात सुरुवातीचा काळ बाराखडी गिरवण्यात जाई. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ते आधी कोकणात जाऊन मराठी शिकत बसले. आपल्या देशात पदवी घेतलेला, चर्चमध्ये उभा राहून बोलण्याची सवय असलेला हा तरुण इथे लहान मुलासारखा अडखळत होता. शब्दांचं लिंग चुकणं, ‘तू’ कुठे आणि ‘तुम्ही’ कुठे हे न उमगणं, समोरच्याने हसू दाबणं, हे सगळं रोज सोसावं लागे. या सोसण्यातच त्यांच्या पुढच्या अभ्यासाची बीजं होती. १८४३ मध्ये पारशी धर्मावर मोठा ग्रंथ लिहिणारे आणि १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले विल्सन मायदेशातल्या ग्रंथालयात घडले नसते. त्या ग्रंथाचा विषय त्यांना मुंबईतल्या माणसांशी घातलेल्या वादांतून मिळाला.

त्याहून जुना आणि मला अधिक जवळचा वाटणारा दाखला गोव्याचा आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, तेव्हा तिशीच्या आसपासचा होता. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषा ग्रीक-लॅटिनशी मिळत्याजुळत्या असल्याचं त्याने नोंदवलं. हेच निरीक्षण विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये मांडलं आणि त्यातून पुढे तौलनिक भाषाशास्त्र उभं राहिलं. स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे तो आल्यापासून सदतीस वर्षांनी. अकरा हजारांच्या घरात जाणाऱ्या ओव्या, आणि ओवीही आपल्या पुराणांच्या चालीची. त्याच काळात अंबाजोगाईत दासोपंत ओव्या लिहीत होते. दासोपंतांचा जन्म १५५१ चा, मृत्यू १६१५ चा, म्हणजे दोघे जवळजवळ समवयस्क. त्यांची एकमेकांशी गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. तरी मराठवाड्यात आणि गोव्यात एकाच वेळी एकाच छंदात अध्यात्म मांडलं जात होतं आणि त्यातला एक लेखक मूळचा विल्टशरचा होता. सदतीस वर्षं ज्याने कान देऊन ऐकलं त्यालाच ही ओवी साधते. तीन-चार वर्षांच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ती शिकवता येणार नाही.

यावर आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. या लोकांनी भाषा शिकली ती धर्मांतरासाठी, तेव्हा विद्या हे निमित्त आणि माणसं पदरात पाडून घेणं हाच हेतू, असं म्हणता येईल. स्टीफन्सच्या आधीच, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची शिक्षा देणारं न्यायालय, बसलं होतं. त्याच्या मागे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकांची भाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला. या सत्तेच्या सावलीत ख्रिस्तपुराण लिहिलं गेलं, हे विसरून त्याच्या ओव्यांचं कौतुक करणं मला प्रामाणिक वाटत नाही. म्हणूनच मला ॲबटांचं उदाहरण निर्णायक वाटतं. दासोपंतांच्या चरित्रातली मुख्य कथा आठवा. दुष्काळात वडिलांना सारा भरता आला नाही म्हणून कोवळ्या दासोपंतांना बीदरला ओलीस ठेवलं जातं. महिन्याभरात रक्कम आली नाही तर मुलाचा धर्म बदलला जाईल, असं बजावलं जातं. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा एक महार येऊन सगळी रक्कम भरतो आणि नाहीसा होतो. तो साक्षात दत्त होता, असं चरित्र सांगतं. बळाने होणारं धर्मांतर टळल्याची ही कथा, आणि ती इंग्रजी वाचकांपर्यंत नेली ती ज्याचं आयुष्य ख्रिस्ताच्या प्रचारात गेलं त्या माणसाने. निव्वळ हेतूच्या मागे लागलेल्या माणसाने हे पुस्तक निवडलं नसतं. निवृत्तीनंतर त्यांना कुणाचं मन वळवायचं नव्हतं. विद्या साधन म्हणून हाती घेतली असली, तरी पुरेशी वर्षं तिच्याजवळ राहिल्यावर ती माणसाला आपल्या वाटेने नेते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप घाटनांदूरसारख्या गावातून सहज येईल. या गोऱ्या तरुणांच्या मागे मिशनचा पैसा होता, साम्राज्याचं छत्र होतं, आपल्या मुलांकडे काय आहे? याचं उत्तर धर्मानंद कोसंबी देतात. १८७६ मध्ये गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मलेला हा मुलगा, धड शालेय शिक्षणही झालेलं नाही, पदरी बायको-लेकरू, १८९९ च्या अखेरीस बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये सिलोनला पोहोचला, तिथे श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्षू, झाला, पाली शिकला, पुढे ब्रह्मदेशात राहिला. कुठे अन्नछत्रात जेवायचं, कुठे मठाच्या ओसरीवर झोपायचं, असे ते दिवस होते. पुढे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना हार्वर्डने बोलावलं आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवलं. घरच्यांनी सोसलेलं दुःख या यशाने पुसलं जात नाही. मात्र पैशावाचून, पदवीवाचून परमुलखात शिष्य होता येतं, एवढं त्यांच्या आयुष्याने नक्की दाखवलं.

आज घाटनांदूरचा मुलगा दहावी झाली की लातूरच्या शिकवणीत जातो, मुलगी पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसते. पुढचं शिक्षण म्हणजे प्रवेशाचा आकडा, हे समीकरण घरोघरी पक्कं झालं आहे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे आईबापांना स्थिर नोकरी हवीशी वाटावी यात चूक काहीच नाही. पण याच गावांतून कुणी नर्स होऊन आखाती देशात जातं, कुणी इंजिनीअर होऊन जर्मनीत, कुणी भिक्षू, धर्मभगिनी किंवा धर्मगुरू होऊन आणखी दूर. त्यांना एवढंच सांगणं आहे. तिथल्या पहिल्या दोन वर्षांत पगाराइतकीच तिथल्या माणसांची भाषा मिळवा, त्यांच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारा, ऐकलेलं वहीत उतरवून ठेवा. पुढे काय शिकायचं हे त्या वहीला विचारा. आणि जाण्याआधी एकदा अंबाजोगाईला जाऊन दासोपंतांची पासोडी पाहा. जाड कापडाच्या त्या लांबच लांब पट्ट्यावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा विषय ओव्यांतून उतरवला आहे. परक्या देशातला एक मिशनरी म्हातारपणी ज्याच्या चरित्रात बुडून गेला, त्याचं हस्ताक्षर आपल्या तालुक्यात आहे, आणि ते वाचायला आपल्यापैकी फार थोडे जातात.