साइडपट्टीवरची टिपणे

रस्त्याची पक्की कड संपते तिथपासून शेताच्या धुऱ्यापर्यंत जी हात-दोन हात मुरमाची जागा असते, ती साइडपट्टी. कारंजा-मानोरा रस्त्यावर इंझोरीच्या आगेमागे माणसं याच जागेवर एसटीची वाट पाहतात, ढोरं वळवतात, शाळेला निघालेल्या मैत्रिणीसाठी थांबतात. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि पक्क्या रस्त्याची कड वीतभर उंच होऊन उघडी पडते. मग सायकलवाला खाली उतरत नाही. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देतो. त्याला वाटते, हा मुद्दाम अडवतो आहे. कॅरिअरवर गवताचा भारा बांधून येणाऱ्या एका काकांना विचारले, कडेला का उतरत नाही? ते म्हणाले, "उतरून त जाईन बापू, पन मंग वर कोन चढवीन?"

भारा लादलेल्या सायकलचे पुढचे चाक त्या उभ्या कडेला तिरपे लागले की घसरते, आणि माणूस पडतो तो शेताकडे नाही, रस्त्याकडे, मागच्या गाडीच्या चाकांसमोर. काकांना हे ठाऊक आहे, ट्रकवाल्याला नाही. आपण ज्याला सायकलवाल्याचा आडमुठेपणा म्हणतो, त्यातला बराचसा या वीतभर उंचीचा आहे.

*

सायकलवाले, गाडीवाले आणि पायदळ चालणारे असे तीन वेगळे लोक गावात नसतात. पहाटे पायदळ शेतात गेलेला माणूस दुपारी मोटारसायकलवर खताची बॅग आणतो आणि रात्री लग्नाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला म्हणतो, "जरा दाब ना गड्या." तरी भांडण होतेच. ॲक्सिलरेटर हातात आला की सकाळी आपल्याच कानाशी सुसाट गेलेली गाडी आठवत नाही. मला या विसरण्याची फार काळजी वाटते, कारण त्यावर कोणतेही कलम लागू होत नाही.

*

मुलींच्या सायकली. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर. आधी सायकलमागे साडेतीन हजार रुपये मिळायचे, २०२२ मध्ये ते पाच हजार झाले. पाच किलोमीटरहून लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी बस, तालुक्याला सात. आमचा वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांतला जिल्हा. इथे एका सायकलने एका मुलीची दहावी होते, हे खरेच आहे. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्याविषयी मला आदर आहे.

पण पाच किलोमीटरची ती वाट कोणती, हा प्रश्न योजनेच्या कागदावर नाही. सायकल शाळेच्या नावाने येते, रस्ता दुसऱ्या खात्याचा, गाड्यांचा वेग तिसऱ्याच्या ताब्यात. मुली दोघी-दोघी जोडीने चालवतात. गाडीवाले म्हणतात, एकामागे एक चाला, गप्पा कशाला मारता? सुनसान रस्त्यावर तेरा-चौदा वर्षांच्या मुली एकमेकींच्या बाजूला राहतात याला गप्पांशिवायही कारण आहे. मागे राहिलेल्या एकटीच्या बाजूने एखादी मोटारसायकल मुद्दाम हळू होते, आणि ही भीती कोणत्याही अपघाताच्या आकड्यात येत नाही. म्हणून मुलींना "रांगेत चाला" असे सांगण्याआधी त्यांच्या आयांना विचारावे.

एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात खेड्यापाड्यांतली किती पोरं साइडपट्टीने पायदळ शाळेत गेली, त्याची कुठे नोंद झाली असेल असे वाटत नाही.

*

वेगाचा हिशेब शाळेच्या फळ्यावर मांडावा असा आहे. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसले, मेंदूला कळले, पाय ब्रेकवर आला, एवढ्याला दीड सेकंद धरा: ३३ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी ३५ मीटरच्या वर. म्हणजे जवळजवळ ७० मीटर. ताशी ४० ला हाच हिशेब २६ मीटरवर येतो. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यावरचे अंतर चौथाई होते, कारण ते वेगाच्या वर्गावर चालते. ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या टायरवर, सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकवर हे सगळे आकडे वाढतात.

आता रात्र. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस साधारण तीसेक मीटरच्या आत आल्यावर दिसतो. ७० मीटरची गरज आणि ३० मीटरची नजर. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी मधले ४० मीटर त्याच्याजवळ नसतात. "अचानक समोर आला" असे तो जबाबात सांगतो तेव्हा बहुतेक वेळा खरे बोलत असतो. माणूस आधीपासून तिथेच होता, हेही तितकेच खरे.

कापसाची फरदड वेचून संध्याकाळी परतणाऱ्या बायकांच्या अंगावर वेचणीसाठी घातलेला नवऱ्याचा जुना गडद शर्ट असतो. पाठीवर पांढरे फडके बांधले तरी बाई आधी दिसेल. हे मी कळकळीने लिहितो आहे, पण लगेच हेही लिहितो की फडके बांधायची जबाबदारी तिची आणि वेग कमी करायची कोणाचीच नाही, असे होता कामा नये.

*

अंधारातली वाहने: लाल दिवा नसलेली ट्रॉली. मळणी यंत्र ओढत नेणारा ट्रॅक्टर, ज्याचे धूड मागच्याला शेवटच्या क्षणी कळते. बंडी, म्हणजे बैलगाडी, जिच्या मागे काहीच नसते. रिफ्लेक्टरची पट्टी स्वस्तात मिळते. कारंजाच्या कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मागा. साखर कारखाने हंगामात उसाच्या गाड्यांना पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. आपल्याकडे ऊस नाही, सोयाबीन आणि तूर आहे, म्हणून तसा हंगामाचा मालक नाही. मग बाजार समितीच्या गेटवरच ट्रॉलीला पट्टी लावून सोडायला काय हरकत आहे?

आणि रोही, म्हणजे नीलगाय. तुरीतून उडी घेऊन रस्त्यावर आलेला रोही मोटारसायकलवाल्याला टाळता येत नाही. कारंजा तालुक्यात सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, जंगली जनावर या शिवारांना नवे नाही. रानडुकरे तर कळपानेच ओलांडतात. शेताला तारेचे कुंपण जसजसे वाढते तसतशी जनावरे उघड्या राहिलेल्या वाटेने, म्हणजे बरेचदा रस्त्याने, येतात.

*

ड्रायव्हरची बाजूही लिहिली पाहिजे, कारण ती गावात कोणी ऐकून घेत नाही. फाट्यावर चहाला थांबलेला एक मालवाहू गाडीचा ड्रायव्हर सांगत होता, "हॉर्न देला नाई त म्हन्तात काऊन नाई देला, देला त शिव्या." त्याला खरी धास्ती जमावाची. धडक लागली की चूक कोणाची हे कळायच्या आत काच फुटते, मग तो पळतो. पळाल्यामुळे रस्त्यावर पडलेल्याची वेळ जाते. जमावाची भीती आणि पळणे यांनी एकमेकांना असे धरून ठेवले आहे. भारतीय न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ड्रायव्हरांनी देशभर गाड्या थांबवल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ते पोटकलम मात्र मागे ठेवले गेले.

ट्रकमागचे "हॉर्न ओके प्लीज" राज्याने २०१५ मध्ये बंद केले. पाटी गेली, सवय तशीच आहे. सायकलवाल्याच्या अगदी पाठीशी येऊन दिलेला प्रेशर हॉर्न त्याला सावध करत नाही, हादरवतो, आणि हँडल वळते. हॉर्न लांबून, हलका, एकदाच द्यावा. आणि कट मारू नये. सायकल ओलांडताना निदान एक मीटर जागा सोडावी, ती नसेल तर मागे थांबावे. थांबण्यात जातात ते काही सेकंद.

*

दसऱ्याच्या आगेमागे रस्त्यावर सोयाबीन पसरलेले असते. याला नुसता बेशिस्तपणा म्हणून चालणार नाही. ओल जास्त निघाली की व्यापारी भाव पाडतो, आणि खळे घालायला पक्की जागा प्रत्येकाकडे नाही. शेतकरी निम्मा रस्ता अडवतो, कडेला दगड लावतो, संध्याकाळी पोते भरतो आणि दगड विसरतो. रात्री त्याच दगडावर कोणाची तरी मोटारसायकल जाते. दाण्यांवरून चाक घसरते ते वेगळेच. गावात काँक्रीटचे सार्वजनिक खळे झाले तर या एका हंगामाचे अपघात थांबतील. रस्ता सुरक्षेच्या बैठकीत खळ्याचा विषय निघत नाही, तो कृषीचा मानतात.

*

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, कारंजाजवळ त्यावर चढता येते. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. ७०१ किलोमीटर, मोटारींना ताशी १२० ची मुभा. तिथे पायी, सायकलने, मोटारसायकलने, बंडीने जाता येत नाही, आणि त्या वेगाला तेच योग्य. पण १२० ची सवय लागलेला पाय खाली उतरल्यावर जुन्या रस्त्यालाही तसाच भेटतो. उतरणीच्या तोंडाशी मोठा फलक हवा: पुढे गावे आहेत.

दुसरीकडे, मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे थांबली. छोट्या रुळांवरची ती हळू गाडी होती, पण तिच्यात बसलेला माणूस रस्त्यावर नसायचा.

*

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. शंभरातली चौसष्ट अशी, ज्यांच्याभोवती पत्रा नव्हता.

*

वाट पायी चालण्याची आपली परंपरा मोठी. शेगावची पालखी आपल्याच जिल्ह्यातून, मालेगाव-रिसोडकडून पंढरपूरला जाते. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीला बंजारा समाज दूरदूरहून येतो. पण १९ नोव्हेंबर २०१९ ला दिवे घाटात दिंडीत जेसीबी घुसला, नामदेव महाराजांच्या वंशातले सोपान महाराज नामदास गेले. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनी इथे संध्याकाळी दिंडीत मोटार शिरून सात वारकरी गेले. त्यानंतरही बहुतेक दिंड्यांच्या शेवटी झेंडाच असतो, दिवा नसतो. दिंडीच्या मागे पन्नास-शंभर पावलांवर चमकणारे जाकीट घातलेला, लाल दिवा हातात घेतलेला एक माणूस चालावा. तोही वारकरीच, त्याचे पुण्य काकणभर जास्त मानावे.

*

फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चालावे, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. सायकलने मात्र डावीकडूनच. शाळेत दोन्ही एकाच धड्यात शिकवतात आणि मुलांचा गोंधळ होतो. तेव्हा हे वर्गात नको, फाट्यावर उभे करून शिकवावे.

*

अपघात झाला की गाव रात्रीतून गतिरोधक घालते. दुःख समजते, पण तो उभा, अरुंद, रंग नसलेला उंचवटा दुसऱ्या रात्री नवऱ्यामागे मूल घेऊन बसलेल्या बाईला पाडतो. इंडियन रोड्स काँग्रेसचे माप आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यावरची उंची १० सेंटीमीटर. यावरून ताशी २५ ने गाडी अलगद जाते, १०८ रुग्णवाहिकेतल्या पेशंटचीही.

*

कायद्यातले तीन कामाचे मुद्दे, दुकानाच्या भिंतीवर लावावेत असे.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही, तरी मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. कितीतरी घरांनी हा अर्ज केलेलाच नाही, कारण कोणी सांगितलेच नाही.

जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायदा, कलम १३४-अ, २०१९ ची दुरुस्ती.

त्याच दुरुस्तीने पायी चालणारे आणि सायकल, बंडी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला, तसेच राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेचे आणि देखभालीचे. राज्यांनी ते केले नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ ला सहा महिन्यांची मुदत दिली. साइडपट्टी त्या नियमांत आली पाहिजे.

*

ग्रामसभेत मांडायचे, जसे सुचले तसे: पावसाळा संपताच साइडपट्टीचा मुरूम रस्त्याच्या कडेशी बरोबर भरून, दाबून घ्यावा. कडेची पांढरी रेष दोन्ही बाजूंनी पुन्हा मारावी. शाळेच्या आणि फाट्याच्या अलीकडे ताशी ३० चा फलक, म्हणजे जिथे माणसे आणि गाड्या मिसळतात तिथे जागतिक आरोग्य संघटना सांगते तेवढाच वेग. मापाचे गतिरोधक. एसटी थांब्याला रस्त्यापासून आत जागा, म्हणजे उतरणारी म्हातारी मागून येणाऱ्या गाडीसमोर उतरणार नाही. मुलींच्या सायकलींना मागचा रिफ्लेक्टर आणि दिवा वाटपाच्या वेळीच, नंतर नाही. सार्वजनिक खळे. ठरावाची प्रत रस्ता ज्या खात्याकडे असेल त्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. सोबत कडेचा फोटो, उंची दिसेल अशी मोजपट्टी धरून. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची.