तुटीचं खातं

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचा संबंध जवळजवळ बुटापुरताच. बॉल सोललेल्या नारळासारखा. तो काखोटीला मारायचा आणि पळत सुटायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर बॉल समोरच्यांच्या ताब्यात. मला हा खेळ ताबडतोब कळला. आमच्या बँकेत कर्जाची फाइल साहेबांच्या टेबलापर्यंत अशीच सरकते.

या खेळात मी पडलो तो भाच्यामुळे. तो शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकायला गेला. पहिल्याच परीक्षेत मार्क कमी पडले. तो तिकडून "परत येतो" म्हणू लागला आणि ताईनं इकडे गुरुवार धरले. "तू समजाव त्याला," ती मला म्हणाली. आता कॉमर्सवाला काय समजावणार? मी त्याच्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा जुना जमाखर्च काढला.

बघतो तर खातं कायम तुटीत! 1979 ते 1982 या काळात ही टीम ओळीनं 34 सामने हरली होती. हमरस्त्यावरच्या 'इंटरस्टेट 94' या पाटीवर कुणीतरी खाली 'नॉर्थवेस्टर्न 0' असं रंगवून ठेवलं होतं. अखेर 1982 च्या सप्टेंबरात एक सामना जिंकला, तेव्हा पोरांनी गोलाचे खांब उपटले, मिरवत नेले आणि मिशिगन सरोवरात त्यांचं विसर्जन केलं. पुढच्या वर्षी लवकर या, असंही म्हणाले असतील. पण बाप्पा आले ते थेट 1995 साली.

गॅरी बार्नेट हे कोच 1992 मध्ये आले आणि टीमला पॅसाडीनाच्या रोझ बोलला नेण्याच्या गोष्टी करू लागले. तिथं ही टीम त्याआधी एकदाच, 1949 च्या एक जानेवारीला खेळली होती. 1995 चा पहिलाच सामना बलाढ्य नॉत्र दाम विद्यापीठाशी. बार्नेटनी पोरांना आधीच बजावलं, की जिंकल्यावर मला खांद्यावर घेऊन नाचायचं नाही. जिंकायची सवयच असल्यासारखं वागायचं. आणि पोरं 17-15 नं जिंकली!

पुढच्याच सामन्यात ओहायोच्या मायामी विद्यापीठाविरुद्ध 28-7 अशी आघाडी घेतली आणि 30-28 नं हरली.

भाच्याला मी फोनवर नेमकं हेच सांगितलं. "मामा, पण पुढे ते जिंकले ना?"

"जिंकले. ओळीनं नऊ. मिशिगनला त्यांच्याच मैदानात 19-13 नं हरवलं. पण तू त्या मधल्या आठवड्याचं बघ. सोमवारी उठून परत सरावाला जाणं, हा खरा सामना. त्याचा स्कोअर कुठे छापत नाहीत."

तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र परत यायचा विषय निघाला नाही. ताई हे श्रेय गुरुवारांना देते. देवो बापडी.

त्यांच्या स्पर्धेचं नाव 'बिग टेन' आणि टीम होत्या अकरा. ऑडिटर हे कसं चालवून घेत होते कोण जाणे! नॉर्थवेस्टर्ननं तिथले आठही सामने जिंकले, तरी रोझ बोलचं तिकीट कायम झालं ते मिशिगननं ओहायो स्टेटला हरवलं तेव्हा. ऐन नोव्हेंबरात पॅट फिट्झजेराल्ड या खंद्या खेळाडूचा पाय मोडला होता. पॅसाडीनाला त्याच्याशिवायच जावं लागलं.

तिथं 1 जानेवारी 1996 ला सदर्न कॅलिफोर्नियानं त्यांना 41-32 असं हरवलं. म्हणजे वर्षअखेर पुन्हा तूटच. पण मला राहून राहून आठवण येते ती 34 पराभव तिकीट काढून बघणाऱ्या एखाद्या गृहस्थाची. लोक त्याला वेडा म्हणत असतील. त्यानं ठेव मोडली नाही, इतकंच. 1995 साली ती पिकली, आणि त्या दिवशी पॅसाडीनाला जांभळा मफलर गुंडाळून तो व्याज घ्यायला आला असणार, असं आपलं मला वाटतं.