काचेचा स्वभाव
मायक्रोअ‍ॅरे, म्हणजे जनुकांच्या डीएनएचे ठिपके मांडलेली काचेची चिप, म्हटलं की लोकांना रोबोट आठवतो, नाहीतर पडद्यावरचे लाल-हिरवे ठिपके. माझं काम त्याच्या आधीचं होतं, काचेचं. पुण्यात एम.एस्सी. करून मी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा तिथे यीस्टच्या जनुकांच्या चिप घरच्या घरीच बनत. स्टॅनफर्डच्या पॅट्रिक ब्राउन यांच्या गटाने १९९५ साली अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपाची ४५ जनुकं काचेवर मांडून हे तंत्र दाखवलं होतं. दोनच वर्षांत यीस्टची जवळपास सगळी जनुकं एका काचेवर मावली. रोबोट कसा बांधायचा, काचेला लेप कसा द्यायचा, हे सगळं त्या गटाने जगासाठी खुलं केलं. आमच्यासारख्या बेताच्या पैशांत चालणाऱ्या लॅब त्या मोकळ्या हातामुळेच उभ्या राहिल्या, हे मी कधी विसरणार नाही.

काचेला डीएनएशी काही देणंघेणं नसतं. दोघांवरही ऋणभार, त्यामुळे एकमेकांना दूरच ढकलणार. म्हणून मध्ये पॉलिलायसिनचा थर द्यायचा. त्याचे अमिनो गट धनभारित असतात. ते एका बाजूने काचेला चिकटतात आणि दुसऱ्या बाजूने डीएनएला धरतात. लेपाआधी स्लाइड सोडियम हायड्रॉक्साइड आणि इथेनॉलच्या द्रावणात हलवत ठेवायच्या, मग पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायच्या. या धुण्यात घाई चालत नाही, आणि धुऊन झाल्यावर स्लाइड हवेत रेंगाळलेली चालत नाही. धुळीचा एक कण बसला की पुढे तिथे चमकणारा डाग हमखास. लेपाचं भांडं प्लॅस्टिकचंच घ्यायचं. काचेचं घेतलं तर पॉलिलायसिन आधी भांड्यालाच चिकटतं आणि स्लाइडच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

लेप दिलेल्या स्लाइड लगेच वापरायच्या नाहीत. फिरवून, कोरड्या करून, डब्यात बंद करून दोन-तीन आठवडे मुरू द्यायच्या. एवढ्या काळात पृष्ठभाग पाणी झटकायला लागतो. मी दर खेपेची एक स्लाइड काढून तिच्यावर पाण्याचा थेंब सोडायचे आणि ती तिरकी करायचे. अळवावरच्या पाण्यासारखा थेंब मागे ओल न ठेवता घरंगळला, की ती खेप छपाईला पाठवायची. ओल राहिली तर ठिपके पसरणार. आणि स्लाइड फार जुन्या झाल्या, तर लेप धुरकट होतो. मग त्या टाकूनच द्याव्या लागतात.

छपाईचा रोबोट पाहायला सगळे जमत. त्याच्या पिनेच्या टोकाला बारीक उभी चीर असते. पिन डीएनएचं द्रावण भरलेल्या प्लेटच्या खळग्यात बुडली की ते चिरेत आपोआप चढतं आणि पिन काचेला टेकली की जेमतेम एक नॅनोलिटर खाली उतरतं. ठिपका साधारण १०० मायक्रॉनचा. तो वाळताना डीएनए कडेला सरकतं आणि मधला भाग रिकामा राहून नुसतं कडं उरतं. यावर उपाय वाफेचा. छापलेली स्लाइड कोमट पाण्यावर पालथी धरायची. ठिपके चकाकू लागले की लगेच उलटून तापलेल्या प्लेटवर काही सेकंद टेकवायची. वाफेवर थोडी जास्त राहिली, तर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. हे घड्याळ लावून साधत नाही, ठिपक्यांवरची नजर हलवायची नाही. मग अतिनील प्रकाश द्यायचा, म्हणजे डीएनए लेपाशी पक्कं जोडलं जातं.

यानंतरच्या पायरीत माझा जीव सगळ्यात जास्त अडकलेला असे. डीएनए धरून ठेवणारी ही काच पुढच्या डीएनएलाही धरणारच. पेशींतल्या आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतींना साय-३ आणि साय-५ हे रंग लावून त्या चिपवर सोडतात. प्रत्येक प्रतीने आपापल्या जोडीदार ठिपक्यावरच बसावं, मोकळ्या काचेवर मुळीच नाही, ही अपेक्षा. म्हणजे उरलेले अमिनो गट आता बंद करायला हवेत. ते काम सक्सिनिक अ‍ॅनहायड्राइड करतं. ते अमिनो गटाला जोडलं जातं आणि त्या जागी धनभाराऐवजी ऋणभार येतो. ठिपका धरून बसलेली काच आता नव्या डीएनएला ढकलू लागते.

हे अ‍ॅनहायड्राइड आधी बिनपाण्याच्या द्रावकात विरघळवायचं आणि मग त्यात बोरेटचं पाणीदार द्रावण घालायचं. पण ते घातल्या क्षणापासून अ‍ॅनहायड्राइड पाण्यातच खर्च व्हायला लागतं. त्यामुळे शेवटचा कण विरघळला की बोरेट ओतायचं आणि स्लाइडचा अख्खा रॅक एका दमात बुडवून जोरात हलवायचा. हात रेंगाळला, तर सुटं डीएनए ठिपक्यातून निघून शेजारी चिकटतं आणि प्रत्येक ठिपक्याला शेपटी फुटते.

एकदा एका खेपेच्या स्लाइड स्कॅन केल्या तेव्हा सगळी काच हिरवी उजळली होती आणि ठिपके तेवढे काळे. ज्या जागी डीएनए होतं तिथे झाक नव्हती, मोकळ्या काचेवर मात्र रंग चिकटला होता. अ‍ॅनहायड्राइडच्या बाटलीत दमट हवा शिरली होती. नवी बाटली फोडली, पुढची खेप स्वच्छ आली. एका पांढऱ्या पावडरीच्या कोरडेपणावर हजारो जनुकांची मोजणी अवलंबून होती, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे अल्डिहाइड आणि इपॉक्सीचे तयार लेप बाजारात आले. अ‍ॅफिमेट्रिक्स कंपनीची वाट तर आधीपासूनच निराळी. स्टीफन फोडर यांच्या गटाने १९९१ साली दाखवलं होतं, की छापायची गरजच नाही, मास्कमधून प्रकाश सोडून साखळी काचेवरच एकेक घटक जोडत वाढवता येते. त्या चिपची सफाई आम्हाला कधीच साधली नसती. पण त्यांच्यावर काय असावं हे कारखाना ठरवायचा. आमच्यावर काय असावं हे आम्ही ठरवायचो, आणि मला ते मोलाचं वाटतं.

२००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या जोसेफ डेरिसी यांच्या लॅबकडे अशी स्वतः छापलेली चिप होती. तिच्यावर सुमारे हजार विषाणूंच्या ७० अक्षरी तुकड्यांचे ठिपके होते. रुग्णाच्या नमुन्यातून पेशींवर वाढवलेल्या विषाणूने त्यातले कोरोनाविषाणूंचे ठिपके उजळले. मग त्यांनी त्या उजळलेल्या ठिपक्यावर बसलेलं डीएनए काचेवरून खरवडून काढलं, वाढवलं आणि त्याची अक्षरं वाचली. तोवर कोणाच्याही यादीत नसलेल्या विषाणूचा तो तुकडा होता.