प्रसाद मस्तकी लावावा



ज्येष्ठ वद्य पक्षात आळंदीहून पुण्याकडे निघालेली माउलींची पालखी आमच्या विश्रांतवाडीवरून जाते. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना सेवेकऱ्यांची झुंबड असते. कुणी केळी वाटतो, कुणी शहाळी फोडतो, कुणी राजगिऱ्याचा लाडू नि खजूर हातावर ठेवतो. देणाऱ्याचा भाव खराच असतो. पण समोर आलेल्या हाताच्या मनगटापाशी डायलिसिससाठी फुगवलेली शीर आहे का, हे कोण पाहतो?

आमच्या दिंडीत असे एक टाळकरी आहेत. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस चार तास यंत्राला बांधलेले असतात. तरी संध्याकाळी हरिपाठाला हजर. एका एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायांतले बळच गेले. दवाखान्यात रक्त तपासले तर पोटॅशियम 6.9. साधारण 3.5 ते 5 च्या आत असावे लागते. काय खाल्ले होते? बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, दोन केळी आणि वर शहाळ्याचे पाणी. यातले एक तरी अभक्ष्य आहे का? एकही नाही. तरीही ताट घातक ठरले. त्या दिवशी तातडीने डायलिसिस झाले म्हणून आज टाळ वाजतो आहे.

पोटॅशियम हा अन्नातला क्षार. स्नायू आणि हृदय त्यावर चालतात. जास्तीचे झाले की निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे काढून टाकते. मूत्रपिंड निकामी झाले की ते पुढच्या डायलिसिसपर्यंत रक्तात साठत राहते, आणि फार वाढले तर हृदयाचा ठेका चुकतो, थांबतोही. कित्येकदा आधी काही जाणवतच नाही. आठवड्यात तीन खेपा म्हणजे एकदा दोन दिवसांची खोट पडते. एकादशी नेमकी त्यात आली तर दुप्पट जपावे.

‘मग मी निर्जळच करतो,’ असे आमचे टाळकरी म्हणाले. वरवर चोख वाटते, पण तेही धोक्याचे. पोट फार वेळ रिकामे राहिले की पेशींतले पोटॅशियम बाहेर रक्तात येते. उपवास कसा आणि किती, हे डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. साबुदाणा आणि भगर यांत पोटॅशियम त्या मानाने कमी. खिचडीतले दाण्याचे कूट आणि बटाटा मात्र तसे नाहीत.

माउली, स्वयंपाकघर ज्यांच्या हाती आहे त्यांना दोन शब्द. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी फेकून द्यावे. बरेच पोटॅशियम त्या पाण्यात उतरते, सगळे नाही. द्वादशीला पुरण शिजवून आपण जो कट काढतो, त्यातही हेच उतरलेले असते; तेव्हा कटाची आमटी घरच्या इतरांनी भुरकावी, रुग्णाला वाढू नये. कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या काही मिठांत पोटॅशियमच घातलेले असते, पाकीट वाचून घ्यावे. आणि कमरख हे फळ मूत्रपिंडाच्या रुग्णाने चाखूही नये. त्यातले विष मेंदूवर जाते.

राहिला प्रसाद. ‘प्रसादाला नाही म्हणता?’ असे कुणी टोकले की आमच्या टाळकऱ्यांचे डोळे खाली जात. मी सांगितले, केळे दोन्ही हातांनी घ्या, मस्तकी लावा, जिभेवर कण ठेवा आणि उरलेले शेजारच्या पोराला द्या. विठोबा काय फळे मोजतो? खरे तर हे रुग्णाला सांगण्यापेक्षा आग्रह करणाऱ्याला सांगायला हवे. ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य वाढणाऱ्याने तोंडातून काढू नये.

यंदा आमच्या सेवेच्या टेबलावर केळ्यांशेजारी लाह्या आणि सफरचंदाच्या फोडी वेगळ्या परातीत ठेवणार आहोत. पाण्याचे लहान पेलेही असतील, कारण या मंडळींना पाणीदेखील मोजून प्यावे लागते.